सराफ मंडळींना खुलं पत्र : हिरा विका, पण त्याची खरी गोष्ट सांगून विका

समस्त सराफ आणि ज्वेलर मंडळींना सप्रेम नमस्कार,

लग्नसराई तोंडावर आलीय, तुमच्या दुकानांत आता साखरपुड्याच्या अंगठ्या बघायला पोरंपोरी, आईबाप, मावश्या, काकवा सगळे येणार आणि त्यातल्या बहुतेकांना काउंटरवर हेच ऐकायला मिळणार की हिऱ्याची अंगठी ही पूर्वापार चालत आलेली प्रेमाची खूण आहे, हिरा म्हणजे कायमची गुंतवणूक आहे, आणि सॉलिटेअर, म्हणजे एकाच हिऱ्याची अंगठी, जरा मोठीच घ्या कारण हे आयुष्यात एकदाच होतं. माझी मागणी साधी आहे. हिरे जरूर विका, तो तुमचा धंदा आहे आणि दगड खरंच सुंदर आहे. पण त्याचा इतिहास चुकीचा सांगू नका आणि उद्या तोच हिरा परत आणला तर काय भाव देणार ते बिलावर लिहून द्या. बाकी पत्रात मी लिहितेय ते सगळं या मागणीमागचं कारण आहे, थोडं लांबेल पण वाचा.

हे पूर्वापार प्रकरण आधी घेते. माझ्या आजीच्या साखरपुड्यात अंगठी नव्हतीच, मुलीला साडी, खणानारळाची ओटी, कुंकू आणि साखरेचा पुडा, झाली सोयरीक पक्की. आईच्या वेळी सोन्याची साधी अंगठी आली. हिरा आपल्याकडे होता, नाही असं नाही, मोठ्या घरांत हिऱ्याच्या कुड्या असायच्या, नाकात चमकी असायची, पण हिरा घ्यायचा म्हटलं की लोक जपून घ्यायचे. शुक्राचं रत्न, लाभतो की नाही बघा, आधी घरी नेऊन उशाशी ठेवा, मग ठरवा. म्हणजे लग्न ठरलं की हिरा पाहिजेच असं कुणाच्या डोक्यातसुद्धा नव्हतं. मग हे आलं कुठून?

ते आलं अमेरिकेतून, आणि कसं आलं याची सगळी नोंद आहे. १९३८ साली हॅरी ओपनहायमर, म्हणजे डी बिअर्स या हिऱ्यांच्या कंपनीचे प्रमुख अर्नेस्ट ओपनहायमर यांचा मुलगा, न्यूयॉर्कला जाऊन एन. डब्ल्यू. आयर नावाच्या जाहिरात कंपनीच्या जेराल्ड लॉक यांना भेटला. जगातल्या हिऱ्यांचा बाजार तेव्हा जवळपास सगळा डी बिअर्सच्या हातात होता, महामंदीने भाव पडलेले, युरोपात युद्धाचे ढग, उरलं गिऱ्हाईक कुठलं तर अमेरिका. तिथे साखरपुड्याला हिऱ्याची अंगठी देतच होते, हे मला प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे, टिफनीने १८८६ मध्येच सहा नखांवर उचलून धरलेला एकच हिरा अशी अंगठी बाजारात आणली होती आणि आजही तुमच्या शोकेसमधली सॉलिटेअर बहुतेक त्याच घडणीची असते. पण लोक छोटा आणि हलका हिरा घ्यायला लागले होते आणि एकूणच मागणी उतरत होती.

मग आयरवाल्यांनी जे केलं ते मला आजही थक्क करतं. डी बिअर्सला अमेरिकेतल्या मक्तेदारीविरोधी कायद्यामुळे तिथे थेट धंदा करता येत नव्हता, त्यामुळे जाहिरात कुठल्या दुकानाची किंवा ब्रँडची नव्हतीच, जाहिरात होती एका समजुतीची. सिनेनट्यांच्या बोटातले हिरे फोटोत दिसतील अशी व्यवस्था केली, कुठल्या नटाने कुठल्या नटीला केवढा खडा दिला याच्या बातम्या पेपरांना पुरवल्या, मोठमोठ्या चित्रकारांची चित्रं जाहिरातीत वापरली म्हणजे हिरा हीसुद्धा एक कलाकृतीच वाटावी, शाळाशाळांत व्याख्यानं ठेवून शाळकरी मुलींना हिऱ्याच्या अंगठीबद्दल सांगितलं. १९४१ पर्यंत, म्हणजे ३ वर्षांत, अमेरिकेतली हिऱ्यांची विक्री ५५ टक्क्यांनी वाढल्याचं त्या एजन्सीनेच नोंदवलंय. आणि १९४७ ला त्याच एजन्सीत कॉपी लिहिणाऱ्या फ्रान्सिस गेरेटी यांनी ती ओळ लिहिली, अ डायमंड इज फॉरएव्हर. आपल्याकडे टीव्हीवर ती हीरा है सदा के लिए म्हणून आली आणि माझ्या पिढीच्या तर डोक्यात बसली.

काही अभ्यासक म्हणतात की सगळं श्रेय एकट्या जाहिरातीला देऊ नका, अमेरिकेत तेव्हा लग्नाचं वचन मोडलं तर मुलगी कोर्टात नुकसानभरपाई मागू शकायची, १९३५ मध्ये इंडियाना राज्याने तो कायदा रद्द केला, मग इतर काही राज्यांनीही केला, आणि महागडी अंगठी ही एक प्रकारची हमी झाली, मुलाने शब्द फिरवला तर निदान अंगठी तरी तिच्याकडे राहील. मला हे पटतं. पण बघा ना, हे कारणसुद्धा तिथल्या कोर्टकचेरीचं आहे, आपल्या साखरपुड्याशी त्याचा काय संबंध?

आणि हे फक्त अमेरिकेत झालं असंही नाही. जपानमध्ये लग्न ठरताना हिऱ्याची अंगठी द्यायची पद्धतच नव्हती. १९६७ मध्ये तिथल्या नवरीमुलींपैकी ५ टक्क्यांहून कमी जणींना हिऱ्याची अंगठी मिळत होती, जाहिरातींचा मारा सुरू झाला आणि १९८१ पर्यंत हा आकडा ६० टक्क्यांच्या आसपास गेला. चौदा वर्षांत! पगाराचा हिशोबही तसाच आलेला आहे. अमेरिकेत ८० च्या दशकातल्या जाहिराती दोन महिन्यांचा पगार म्हणायच्या, जपानला तीन महिन्यांचा सांगितला. पुण्यातल्या एका दुकानात माझ्या भाचीच्या होणाऱ्या नवऱ्याला सेल्समनने हाच दोन महिन्यांचा नियम ऐकवला, अगदी शास्त्रात लिहिल्यासारखा, आणि तो पोरगा नुकता नोकरीला लागलेला, घरभाडं आहे, एज्युकेशन लोनचे हप्ते आहेत, त्याचा चेहरा पडला तो मी बघितला. हा नियम कुणी, कधी, कशासाठी काढला हे त्या सेल्समनलाही माहीत नसणार, त्याच्यावर माझा राग नाही, त्याला ट्रेनिंगमध्ये जे शिकवलं ते त्याने सांगितलं. पण ते ट्रेनिंग तुम्ही देता.

आता याच्या उलट बाजूला बघा, जी खरी जुनी गोष्ट आहे ती कुणीच सांगत नाही, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटतं. युरोपात लग्नाच्या वचनाची अंगठी रोमन काळापासून आहे पण ती साधी लोखंडी, खडा नसलेली, असं प्लिनी या रोमन लेखकाने लिहून ठेवलंय. हिरा त्यात बसला फार नंतर. १४७७ मध्ये ऑस्ट्रियाच्या मॅक्सिमिलियनने बर्गंडीच्या मेरीला लग्न ठरताना हिऱ्याची अंगठी दिली, ती हिऱ्याची पहिली नोंदलेली एंगेजमेंट रिंग म्हणून सगळीकडे सांगतात, तुमच्या कॅटलॉगमध्येही असते. पण तो हिरा आला कुठून हे कुणी छापत नाही. तेव्हा ब्राझील नाही, आफ्रिका नाही, बोर्निओतले थोडेफार सोडले तर जगाला हिरे फक्त आपल्याकडून जायचे. इथून जहाजाने, मग व्हेनिसमार्गे ब्रुजसारख्या शहरांत, तिथे पैलू पडायचे. म्हणजे त्या राजकन्येच्या बोटातला खडासुद्धा बहुतेक आपल्याच नदीकाठच्या मातीतून निघालेला असणार.

आणि आपल्या म्हणजे किती जवळच्या? गडचिरोली जिल्ह्यात आरमोरी तालुक्यात वैरागड आहे, किल्ला अजून उभा आहे, तिथल्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख अबुल फजलच्या ऐन-ए-अकबरीत आहे. वैरागड! नागपूर-चंद्रपूरच्या किती दुकानांत याचा एखादा फोटो लावलाय? मी तरी कुठे बघितला नाही. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत हिऱ्याच्या परीक्षेवर आख्खा अध्याय लिहिला, कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हिऱ्यांची जात आणि गुण सांगितलेत, म्हणजे ज्याला आज आपण ग्रेडिंग म्हणतो त्याचं जुनं रूप इथलंच, आणि आपण मात्र गिऱ्हाइकाला शिकवतो की कट, कलर, क्लॅरिटी, कॅरेट ही अमेरिकेची देणगी. (ती चार ‘सी’ची पद्धत अमेरिकेतल्या जीआयएने बसवली हे खरंच आहे, १९३१ ला सुरू झालेली ही संस्था, त्यांचं कामही चांगलं आहे. पण रत्नपरीक्षा तिथे जन्मली नाही.)

कृष्णेकाठचं कोल्लूर घ्या. आपल्या महाबळेश्वरातून निघालेली कृष्णा पुढे आंध्रात जाते तिथे काठावर ही खाण होती. गोवळकोंडा म्हणतात त्या किल्ल्यात हिरे निघत नव्हते, तिथे बाजार होता, हिरे निघायचे कोल्लूरसारख्या ठिकाणी. सतराव्या शतकात फ्रेंच व्यापारी ताव्हर्निये तिथे जाऊन आला आणि त्याने लिहिलं की सुमारे ६०,००० माणसं खाणीवर काम करतात, पुरुष खणतात आणि बायका-पोरं माती वाहून नेतात. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ त्याचाच विचार करत होते. जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या हिऱ्यांमागे हे हात आहेत आणि त्यातल्या एकाचंही नाव कुठे नाही. आता ती जागा पुलिचिंतला धरणाच्या पाण्याखाली गेलीय.

आपल्या नाशिकच्या हिऱ्याचंही तेच. त्र्यंबकेश्वरच्या देवाचा हिरा, पुढे पेशव्यांकडे गेला, १८१८ ला बाजीराव दुसरा हरला तेव्हा लुटीत कंपनी सरकारकडे गेला. तेव्हा सुमारे ९० कॅरेटचा होता. लंडनच्या जवाहिऱ्यांनी तो पुन्हा कापला, १८३७ ला मार्क्विस ऑफ वेस्टमिन्स्टर या इंग्लिश उमरावाने लिलावात घेतला आणि तलवारीच्या मुठीत बसवला, १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन या जवाहिऱ्याने घेऊन परत कापला, आता ४३.३८ कॅरेट उरलाय. कोहिनूर शाळकरी पोरालाही माहीत असतो, नाशिकचा हिरा खुद्द नाशिकच्या लोकांनासुद्धा माहीत नसतो. हे तुम्ही बदलू शकता हो, शहरातलं सगळ्यात जास्त वर्दळीचं दुकान तुमचं असतं, भिंती तुमच्या आहेत.

गोव्याची एक हकीकत मुद्दाम सांगते कारण ती तुमच्या आजच्या धंद्याला लागू आहे. १७२० च्या दशकात ब्राझीलमध्ये हिरे सापडले तेव्हा युरोपातल्या व्यापाऱ्यांनी अफवा उठवली की हे खरे ब्राझीलचे नाहीतच, भारतातला हलका माल गोव्यातून तिकडे पाठवलाय. मग ब्राझील ज्यांच्या ताब्यात होतं त्या पोर्तुगिजांनी काय करावं, ब्राझीलचे हिरे उलट गोव्यात आणले आणि इथून भारतीय माल म्हणून विकले, असं हिऱ्यांच्या इतिहासात सांगितलं जातं. म्हणजे हिरा कुठून आला हे लपवून विकायची सवय ३०० वर्षांची आहे. आणि त्याच गोव्यात १५६३ मध्ये गार्सिया द ओर्ताने आपल्या पुस्तकात हिरा घणाखाली फुटत नाही ही जुनी समजूत खोडून काढली होती, हा तोच ओर्ता ज्याच्याकडे मुंबई बेट भाड्याने होतं. हिरा कठीण आहे, त्यावर ओरखडा फक्त हिऱ्यानेच पडतो, पण चुकीच्या जागी ठोका बसला तर चिरतो, टवका उडतो. आजही किती गिऱ्हाइकांना तुम्ही हे सांगता? धुणीभांडी करताना अंगठी काढून ठेवा, वर्षातून एकदा खडा धरून ठेवणारी अंगठीची नखं तपासून घ्या, एवढं सांगितलं तरी कितीतरी खडे वाचतील.

आफ्रिकेची गोष्ट थोडक्यात, १८६६-६७ च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत होपटाउनजवळ एका पोराला चमकता खडा सापडला, १८७१ ला किंबर्लीत झुंबड उडाली, हिरे एवढे निघायला लागले की भाव मातीमोल होणार हे दिसायला लागलं, म्हणून सेसिल ऱ्होड्सने १८८८ ला खाणी एकत्र करून डी बिअर्स कंपनी उभी केली आणि बाजारात किती माल सोडायचा ते ठरवायला लागला. हिरा महाग राहिला तो असा. फार दुर्मीळ म्हणून महाग हे अर्धं खरं आहे, पुढचं जवळजवळ एक शतक माल रोखून धरल्यामुळे महाग होता, हे दुसरं अर्धं.

आता पैशाचं बोलू, कारण खरा घोळ इथे आहे. सदा के लिए या शब्दांचा धंद्यात एक उपयोग होता, लोकांनी घेतलेला हिरा परत विकायला आणू नये. घराघरांतले हिरे बाजारात आले असते तर भाव धरून ठेवणं कुणालाच जमलं नसतं. आणि आपल्या माणसाची सवय वेगळी. आपण दागिना घेतो तो अडीअडचणीला मोडता येईल म्हणून. पोरीचं शिक्षण, दवाखाना, शेतीचं बियाणं, एखादं वर्ष वाईट गेलं की पाटल्या निघतात कपाटातून, हे आपल्या प्रत्येक घराला माहीत आहे. सोन्याचं ठीक आहे, घडणावळ गेली, थोडी घट गेली तरी त्या दिवसाचा भाव पेपरात छापून येतो, २०२१ पासून हॉलमार्क सक्तीचा झाला, प्रत्येक दागिन्यावर त्याचा वेगळा एचयूआयडी नंबर असतो, फसवणं अवघड झालं. हिऱ्याला असा रोजचा एक छापील भाव नाही. सोनेतारण कर्ज काढायला गेलं तर खड्यांचं वजन सरळ वजा करतात, हिऱ्याचे शून्य रुपये धरतात. आणि हे बाईला कधी कळतं? गरज पडल्यावर, काउंटरच्या त्या बाजूने.

माझ्या ओळखीच्या एका बाईंवर हे आलंय. नवरा आजारी, लग्नातला हिऱ्याचा सेट घेऊन त्या ज्या दुकानातून घेतला तिथेच गेल्या, दुकानाचं नाव मी घेणार नाही, तर म्हणे कॅश नाही मिळणार, एक्स्चेंजच करता येईल, म्हणजे अजून पैसे घालून नवीन दागिना घ्या. दुसऱ्या दुकानाने फक्त सोन्याचा भाव धरला. हिऱ्यांसाठी या बाईंनी लाखाच्या वर मोजले होते. त्यांना विकताना गुंतवणूक हा शब्द वापरला नसता तर त्यांनी तेव्हाच साधे तोडे केले असते आणि त्या दिवशी ते कामाला आले असते.

म्हणून म्हणते लिहून द्या. बिलावर सोनं किती ग्रॅम आणि कितीचं, घडणावळ किती, हिरे किती कॅरेट आणि कितीचे हे वेगवेगळं, आणि खाली एक ओळ की हा हिरा रोख परत घेतला तर बाजारभावाच्या किती टक्के देणार आणि एक्स्चेंजला किती. काही दुकानं हे करतात, मला माहीत आहे, त्यांना मनापासून धन्यवाद. बाकीच्यांना काय अडचण आहे? टक्का कमी असला तरी चालेल, तीस म्हणा, पण आधी सांगा म्हणजे माणूस त्या हिशोबाने घेईल. आवडतो म्हणून घेतला, हौस म्हणून घेतला तर हिऱ्यासारखी वस्तू नाही, त्यात काहीच गैर नाही.

आणि लॅबमधल्या हिऱ्यांचं तर आता स्वच्छ बोलायलाच हवं. १९५४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत ट्रेसी हॉल यांनी पहिल्यांदा खात्रीने हिरा बनवून दाखवला, आज आपल्या सुरतेत तो ढिगाने बनतो. तो अमेरिकन डायमंडसारखा नकली नाही, तोही कार्बनच, तसाच कठीण, तसाच चमकणारा, भिंगातून बघून तुम्हालाही खात्रीने ओळखता येत नाही, मशीन लागतं. पंतप्रधानांनी २०२३ मध्ये अमेरिकेच्या तेव्हाच्या अध्यक्षांच्या पत्नी जिल बायडन यांना ७.५ कॅरेटचा लॅबमधलाच हिरा भेट दिला. पण त्याचे भाव गेल्या काही वर्षांत एवढे कोसळलेत की खुद्द डी बिअर्सने २०१८ ला सुरू केलेला आपला लॅब हिऱ्यांचा ब्रँड २०२५ मध्ये बंद करत असल्याचं जाहीर केलं. मग गिऱ्हाइकाला दोन्ही ट्रे शेजारी ठेवून दाखवा ना, हा जमिनीतला, हा लॅबमधला, हा एवढ्याला, हा तेवढ्याला, दोन्हीला मोडीत काय येईल तेही सांगा. लॅबचा घेणाऱ्या पोरांना कमी लेखू नका. आणि लॅबचा हिराही गुंतवणूक म्हणून विकू नका, तो तर मुळीच नाही.

अजून एक गोष्ट, पैशाची नाही. जगातले दहातले नऊ हिरे आज भारतात घासले जातात, बहुतेक सुरत आणि आसपास. तिथे त्या कारागिरांना रत्नकलाकार म्हणतात, घंटीवर, म्हणजे हिरे घासायच्या चाकावर, तासन् तास मान खाली घालून पैलू पाडतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या सगळ्यात मोठ्या कंपनीने ५०,००० कामगारांना १० दिवस सुट्टीवर पाठवलं, कारण जगात मागणीच नव्हती. आपल्या मुंबईत बीकेसीला भारत डायमंड बोर्स आहे, जगातल्या मोठ्या हिरे बाजारांपैकी एक, तिथून रोज केवढा माल जातो-येतो. आणि आपल्या दुकानातल्या पोस्टरवर कोण असतं, तर परदेशी जोडपं आणि मागे बर्फाचा डोंगर. ज्याने तो पैलू पाडला त्याचं काम दाखवा की एकदा, हात दाखवा, घंटी दाखवा. खडा मातीतून निघतो तेव्हा गढूळ काचेच्या तुकड्यासारखा दिसतो, पैलू पडल्यावर त्यात उजेड खेळायला लागतो, ही या माणसांची करामत आहे आणि ती बघितली तर गिऱ्हाईक हिऱ्याला जास्तच मानेल.

तुमच्या जिल्ह्याजिल्ह्यात सराफ असोसिएशन आहेत, त्यांच्या मीटिंगमध्ये हे पत्र वाचून दाखवा अशी विनंती आहे. सरकारने सक्ती करायची वाट बघू नका, हॉलमार्क यायला किती वर्षं गेली ते तुम्हीच बघितलंय. परत घ्यायचा भाव छापून द्यायला एक ओळ लागते. दोन महिन्यांच्या पगाराचं वाक्य ट्रेनिंगमधून काढायला काहीच लागत नाही.

भाचीची अंगठी अजून घ्यायची आहे. पोरीला हिराच हवाय, छोटा चालेल म्हणते, आम्हीही हौसेने घेणार आहोत. ज्या दुकानात वर सांगितलं ते लिहून मिळेल त्या दुकानातून घेऊ, आणि नातेवाइकांत, सोसायटीत, ऑफिसात ज्याचं लग्न ठरेल त्याला तेच दुकान सांगू.

कळावे,
तुमचीच एक गिऱ्हाईक